तारखेचा अध्याय

मला शमुवेलकाकांनी वाचवलं, हे आधी सांगतो. काय झालं ते मागाहून.

सौदीत रास अल खैरच्या साइटवर काका स्टोअर सांभाळायचे, मी त्यांच्या हाताखाली. मी खेडचा अशरफ, सातवीत शाळा सोडलेला. ते जालन्याचे ख्रिस्ती. रोज जेवणाच्या सुट्टीत ते मुलाला, योहानला, फोन लावत आणि बायबलातला, शलमोन राजानं आपल्या मुलाला केलेला उपदेश ऐकवत. त्याचे अध्याय एकतीस, म्हणून जी तारीख तो अध्याय. साखरेच्या आजारानं नजर अधू झालेली, पण सगळं तोंडपाठ. ‘माझ्या मुला’ म्हणून सुरुवात झाली की मी उगाच मान वर करायचो. शलमोन म्हणजे आमचे सुलेमान पैगंबर, तेव्हा कानही द्यायचो. योहान घाईत ‘कळलं पप्पा’ म्हणे. काका हसत. "बापाचं बोलणं लोणच्यासारखं. मुरायला वेळ लागतो."

त्या वर्षी स्टोअरच्या जागा सौदी मुलांना द्यायचं ठरलं. तुझा इकामा, इथं राहायचा परवाना, दुसऱ्या मालकाच्या, कफीलच्या नावावर फिरवून देतो, असं सांगून सुपरवायझरनं माझी कोऱ्या कागदावर सही घेतली. मी खुशीत काकांना सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"कोऱ्यावर? अरे, तूच राजीनामा दिलास असं लिहून ते तुला घरी धाडतील."

घरी अब्बांचं डायलिसिस माझ्या पगारावर चाललेलं.

तारीख सहा होती. सहाव्या अध्यायात बाप सांगतो, शब्दात अडकलास तर लाज सोड, जाऊन विनवणी कर, हरणासारखा सुटून ये. कागदांची गाडी असरच्या नमाजानंतर दम्मामच्या मुख्य ऑफिसला निघणार होती. काका फोन न लावताच उठले आणि मला घेऊन ऑफिसच्या दारात भर उन्हात उभे राहिले. सुपरवायझर म्हणाला, खलास, कागद गेला.

"गाडी अजून उभी आहे, साहेब. आम्हीही उभे आहोत."

मग घरी धाडायच्यांच्या यादीत तुझंच नाव वर घेऊ का, त्यानं विचारलं. काकांच्या खिशात योहानचा फोन वाजत होता. त्यांनी घेतला नाही.

"घ्या. पण पोराचा कागद द्या."

दोन तासांनी कागद मिळाला. तो काकांनी माझ्याच हातानं फाडायला लावला. त्याच आठवड्यात त्यांचं नाव यादीत लागलं. जाताना म्हणाले, "योहानचा एक अध्याय बुडाला, तो तुझ्याकडे आहे."

आता मी नव्या कफीलकडे, बुरैदात खजुराच्या गोदामात आहे. काकांना आता जवळजवळ काहीच दिसत नाही, असं योहान कळवतो. मी वाचायचा सराव करतोय. एक दिवस जालन्याला जाईन, आणि जी तारीख असेल तो अध्याय त्यांना वाचून दाखवीन, अडखळत का होईना.