ठकीचा उंबरा

पडदा वर जातो. मागे उसाची उभी हिरवी भिंत, डावीकडे पत्र्याचं दोन खोल्यांचं घर, उजवीकडे कालव्याच्या चारीचं संथ पाणी. आणि मधोमध, जिथे मुख्य नटाने उभं राहायचं तिथे, नुसता एक खुंटा. खुंट्याला तुटलेली साखळी. तिला बांधलेला कुत्रा आदल्या रात्री बिबट्याने उसात ओढून नेला होता. खुंट्याशेजारी उकिडवा बसलेला म्हातारा, तो आमचा सहादेव. त्याच्या पायाला अंग घासत उभी असलेली तांबूस कुत्री, ती ठकी.

पुणतांब्याच्या शिवारात चारीच्या एका अंगाला मी राहतो, दुसऱ्या अंगाला सहादेव. साखर कारखान्यात गव्हाणीवर, म्हणजे गाडीतला ऊस यंत्राच्या तोंडी पडतो तिथे, त्याचा जन्म गेला. त्या खडखडाटात माणसाचा आवाज माणसाला ऐकू जात नाही. तिथेच त्याची बोलायची सवय मोडली. घरातलं सगळं बोलणं त्याच्या बायकोकडे, चांगुणाबाईंकडे होतं, आणि ते चारी ओलांडून माझ्या अंगणात रोज येऊन पडायचं. दिवेलागणीला त्या भाकरी कुस्करून बाहेर यायच्या आणि खणखणीत हाक मारायच्या, "ठके, ये गं माजी बाय, खाऊन घे!" कुत्री जेवायला लागली की मग दुसरी हाक, "अवं, तुमी बी या आता!"

"कुत्र्याचा नंबर आदी, माजा मागनं," सहादेव कुरकुरायचा.

"ती राखण करती. तुमी काय करता?" त्या म्हणायच्या.

मलाही त्यांनी सोडलं नव्हतं. तरुणपणी मी नाटक मंडळीत बायकांची कामं करायचो. एकदा जत्रेत माझं काम बघून आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या अंगावर पदर माज्यापरीस नीट बसतो. माजी नणंद व्हता का?" त्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली. चारीपलीकडून आता काही येत नाही. चाकणहून सहादेवाचा मुलगा, सचिन, फोन करतो. "कुत्री कुणाला तरी देऊन टाका आणि इकडं या." सहादेव म्हणतो, "बघू." झालं बोलणं.

साखळी तुटली त्या सकाळी मी म्हटलं, "सहादेव, ठकीला रात्री घरात घे."

"येत न्हाई. आमच्या हिनं तिला लहानपणी शिकवलंय, उंबऱ्याच्या आत पाऊल न्हाई टाकायचं. उचलून नेली तर दारावर नखं मारती रातभर."

म्हणजे बाहेरच खुराडं हवं, आणि ते बिबट्याच्या ताकदीला पुरून उरेल असं.

चारच दिवसांनी वनखात्याच्या पिंजऱ्यात शेजारच्या उसात बिबट्या सापडला. गाव लोटलं. मोबाईल वर करून जो तो त्याचे फोटो काढत होता. सहादेव मात्र पिंजऱ्याच्या मागच्या अंगाला गुडघ्यावर बसला होता. आमिष म्हणून बांधलेलं करडू तिथे एका कप्प्यात होतं. रात्रभर बिबट्या त्याच्यापासून हातभर अंतरावर होता, आणि करडू सकाळी शांतपणे पाला खात होतं! सारा गाव बिबट्या बघत होता, सहादेव करडू बघत होता. त्याने सळया हलवून पाहिल्या, जाळीत बोटं घातली, मूठ घालून पाहिली, ती गेली नाही. खालची आडवी लोखंडी पट्टी, अँगल, चाचपली. उठून म्हणाला, "मास्तर, दुकानात चला."

काकासाहेबाचं गेट-ग्रिल करायचं दुकान गावात आहे. माणूस थट्टेखोर, पण हात चांगला.

"सहादेवतात्या, ही कंपाऊंडची जाळी न्या. सगळे हीच नेतात."

सहादेवाने जाळीला दोन्ही हात घालून अंग टाकलं. जाळीची झोळी झाली. "झोपाळा करायचाय का मला?"

"मग काटेरी तार?"

"वाघाच्या आदी ठकीच फाटंल."

"अहो, कुत्रं ठेवायचंय का दरोडेखोर?"

"करडाच्या कप्प्यावानी पायजे," सहादेव म्हणाला. "बाहीरनं जाड सळया. आतनं बारीक चौकोनी जाळी, पंजा आत येता कामा नये. वर पत्रा. आन् दाराखाली बी अँगल, न्हाईतर नख घालून दार उचलंल त्यो." इतकं सलग बोलताना मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

खुराडं टेम्पोतून आलं आणि खुंट्याच्या जागी बसलं. त्याच दिवशी सकाळी चारीच्या चिखलात ताजे ठसे उमटलेले होते. दुसरा बिबट्या. दिवस मावळतीला लागला होता. सहादेवाने भाकरी कुस्करून आत ठेवली आणि ठकीला बोलावलं. ती आली, दारातल्या अँगलपाशी थांबली आणि बाहेरच बसली. शेपटी हलवत राहिली. सहादेवाने उचलून आत ठेवली, तर कडी लावायच्या आत सुळकन बाहेर येऊन पुन्हा तिथेच बसली.

काकासाहेब हसला. "कापून देऊ का खालचा अँगल? कटरचं मिशन टेम्पोतच हाय."

"कापला तर वाघाला वाट दिली. कोंडली तर रातभर नखं मारंल ही." सहादेव तिच्याकडे बघत राहिला. मग हळू म्हणाला, "उंबरा वाटतोय तिला."

ऊस सळसळला की ठकीचे कान तिकडे वळत होते.

"मास्तर," सहादेव म्हणाला, "मनाई आमच्या हिनंच केली हुती. परवानगी बी हिचीच लागंल. तुमी बायांची कामं करायचा न्हवं?"

इतक्या वर्षांत मी बाईचा आवाज काढला नव्हता. डोळे मिटले. चांगुणाबाई शब्दाच्या शेवटी आवाज जरा वर न्यायच्या, तेवढं आठवलं.

"ठके, ये गं माजी बाय, खाऊन घे!"

ठकी ताडकन उठली. आधी घराच्या दाराकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग एकेक पाय उचलत अँगल ओलांडून आत गेली आणि भाकरी खाऊ लागली. काकासाहेबाने कडी घातली, आणि थट्टा न करता टेम्पो घेऊन निघून गेला.

सहादेवाने जाळीला मूठ लावून पाहिली. पायरीवर जाऊन बसला.

"मास्तर," तो म्हणाला, "ठकीच्या मागनं माजा नंबर असायचा."