एक आवाज कमी

समिधाला खोटं बोलता येत नाही, हे तिच्या आईचं लाडकं वाक्य. शेजारणींना कौतुकाने ऐकवायची ती. बिचारी! जूनपासून लेक रोज सकाळी डबा घेऊन "येते गं" म्हणून निघायची. घरच्यांच्या हिशेबी ती कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला होती. ती जाऊन बसायची आर्ट्सच्या पहिल्या वर्षाला, भूगोल मेजर घेऊन. खोटं म्हणाल तर एक शब्द बोलली नव्हती. कोणी विचारलंच नाही, आणि ही मूग गिळून गप्प बसली.

घर भाईंदरजवळच्या बेव्हर्ली पार्कात, वन बीएचके. बाबा, म्हणजे काशीनाथ, काशीमीऱ्याच्या एका गोडाऊनमध्ये माल चढवण्या-उतरवण्यावर देखरेख करायचे. मूळचे रत्नागिरीकडचे. त्यांच्या डोक्यात सीएचं खूळ कुठून शिरलं, तेही सांगायला हवं. त्यांचा शेठ कुणासाठी खुर्ची सोडत नाही. बाबांचं अर्धं आयुष्य तिथे गेलं, तरी त्यांना हाक "ए काशीनाथ" अशीच. पण सीए आला की तोच शेठ ताडकन उभा राहतो, स्वतःच्या हाताने पाण्याचा ग्लास पुढे करतो. बाबांनी हे पाहिलं आणि त्यांचं ठरलं. आपली पोरगी आत शिरली की असे शेठ उठून उभे राहायला पाहिजेत. आता या इच्छेला नावं तरी कशी ठेवणार?

तिथेच तर घोडं अडलं होतं. बाप दुष्ट असता तर समिधा कधीच भांडून मोकळी झाली असती.

कॉमर्सला असताना जोडीला दुसऱ्या शाखेचा एक विषय घ्यावा लागतो. तिने भूगोल घेतला, तोही तास सोयीच्या वेळी होता म्हणून. मॅडम वर्गाला भाईंदरच्या मिठागरांवर घेऊन गेल्या. भरतीचं पाणी बांधातून आत कसं घेतात, उन्हात मीठ कसं धरतं, आणि आज जिथे बिल्डिंगा आहेत तिथे कुठवर खाडी यायची, हे सगळं त्यांनी बोट करून दाखवलं. समिधा जन्मापासून इथेच राहिली, पण आपण राहतो त्या जमिनीलाही काही मागचं-पुढचं असतं, हे तिला त्या दिवशी कळलं. घरी येऊन ती कितीतरी वेळ गॅलरीत उभी राहिली. मग अकाउंटन्सीचं पुस्तक उघडलं की तिला रडू यायचं. पास झाली हो, चांगली झाली. पण जीव रमेना, आणि एक वर्ष पाण्यात घालून तिने विषय बदलला.

बदलला आणि एकटी पडली. जुनी मैत्रीण अनुष्का पुढच्या वर्षात गेली, तिच्या वेळा वेगळ्या झाल्या, फोन कमी झाले. नव्या वर्गातली मुलं हिला दीदी म्हणायची आणि आपापल्या घोळक्यात निघून जायची. डबा ती जिन्याच्या पायरीवर बसून खायची. मिठागराचा नकाशा तिने इतका सुरेख काढला, की मॅडमनी तो वर्गभर फिरवला. तो घरी आणून दाखवायचा कोणाला? रात्री जेवताना बाबा म्हणायचे, "आमच्या सीएबाईंना भाकरी वाढ." आई हसायची. समिधा मान खाली घालून भाकरी मोडत राहायची.

आज सांगू, उद्या सांगू करता करता गणपती आले.

बाबांचे थोरले चुलत भाऊ भाईंदरला राहतात. सगळी भावकी त्यांना दाजी म्हणते. समिधाच्या घरच्या गणपतीपुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. हातात नारळ धरून दाजी खड्या आवाजात एकेकासाठी देवाकडे मागणं मागणार, आणि दर मागण्याला सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. घरातला एक जरी गप्प राहिला, तर मागणं देवापर्यंत पोचत नाही, असा दाजींचा ठाम विश्वास. गेल्या वर्षी त्यांनी "पोर सीए होऊंदे" म्हटलं, तेव्हा सगळ्यात मोठ्याने होकार दिला होता तो समिधानेच. बोलून बसली होती बाई, तेही देवासमोर.

याही वर्षी आरती झाली. शेजारचे जितेशभाई आले होते. त्यांना गाऱ्हाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण होकार मात्र दणदणीत. दाजींनी नारळ उचलला.

"बा देवा गजानना म्हाराजा! लेकरांची सेवा गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"काशीनाथाच्या कामात बरकत दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्याची समिधा दुसऱ्या वर्षाला गेलीय. तिला लवकर सीए करून बापाच्या कष्टाचं सोनं कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

दाजी पुढे बोलेनात. त्यांनी नारळ तसाच धरून मान वळवली.

"एक आवाज कमी आला," ते म्हणाले. "कोण गप्प ऱ्हायलं?"

समिधाने हातातलं आरतीचं तबक खाली ठेवलं. आता नाही तर कधीच नाही, एवढंच तिला कळत होतं. ती मूर्तीकडे बघत म्हणाली, "नाही महाराजा."

असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. जितेशभाईंचं सवयीने निघालेलं "व्हय" अर्ध्यात विरलं.

"मी कॉमर्स सोडलं," ती म्हणाली. "जूनमध्येच. परत पहिल्या वर्षाला बसते, भूगोल घेऊन. गेल्या वर्षी मी तुला हो म्हटलं होतं, ते मागे घेते. बाबांना सांगायची हिंमत झाली नाही."

आईने तोंडाला पदर लावला. बाबा हात जोडून उभे होते तसेच उभे राहिले. तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही, मूर्तीकडेही नाही.

दाजींनी घसा साफ केला. गाऱ्हाणं अर्धवट ठेवायचं नसतं.

"बा देवा म्हाराजा! लेकराचं काय चुकलंमाकलं असंल तर पोटात घाल. तिच्या मनात जी विद्या हाय, तीच तिच्या हाताला लागूंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," आई म्हणाली, रडतच. जितेशभाई म्हणाले. समिधा म्हणाली आणि कान देऊन थांबली.

या खेपेलाही एक आवाज कमी होता. दाजींनी तो ऐकला, पण कोण गप्प राहिलं ते विचारलं नाही. त्यांनी नारळ देवापुढे ठेवला.