गौरीपुढचं ड्रेस्डेन

आमच्या मानवतला चैत्रातल्या हळदीकुंकवाला घरोघरी गौरीपुढं आरास व्हायची. कुणी कलिंगडाचं कमळ कापायचं, कुणी करंज्यांचे मोर मांडायचं. आमच्या घरी मात्र गौरीपुढं ड्रेस्डेन नावाचं जर्मन शहर असायचं. हसायचं तर हसा, पण ते बघायला गावातल्या बायका उन्हातान्हाच्या आमच्याकडं लोटायच्या.

त्याला कारण माझा दादा. निजाम सरकारचा वजीफा मिळवून तो कापडाच्या रंगांचं शास्त्र शिकायला त्या शहरात गेला, तेव्हा त्याच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. वडील आधीच वारले होते आणि घर थोरल्या काकांच्या शब्दावर चालायचं. बायकोला उघडं कार्ड लिहिणं आमच्यात निर्लज्जपणाचं समजत. म्हणून दादा चित्रांची कार्डं काकांच्या नावानं पाठवायचा आणि त्यांत शहराशिवाय फारसं काही लिहायचा नाही. मी ती मोठ्यानं वाचायची, काका मान डोलवायचे, आणि वहिनी दाराआड उभी राहून ऐकायची. त्या चालीचा मला आजही संताप येतो. नवऱ्याचा एक शब्द तिच्या वाट्याला आला नाही, आलं ते एक शहर, आणि तिनं ते पाठ केलं.

एल्ब नावाची नदी, तिच्यावर दगडी कमानींचा पूल. पुलाच्या अल्याड राजवाडा, गाण्याचं नाटकघर आणि दगडी घुमटाचं भलंमोठं चर्च. नाटकघरात म्हणे माणसं मरतानाही गात मरतात आणि लोक टाळ्या वाजवून त्यांना परत उठवतात. चित्रांच्या महालात एक आई लेकराला कडेवर घेऊन ढगांवरून अनवाणी चालत येते. रविवारी नदीकाठच्या उंच ओट्यावर सारं गाव नटून फिरायला निघतं, खाली चाकांच्या आगबोटी चालतात आणि बोटीवर बँड वाजतो. नाताळच्या बाजारात सुक्या आलुबुखाऱ्यांच्या बाहुल्या विकायला असतात. आणि पुलाच्या पल्याड, साध्या वस्तीत, दादाची खोली. रोज पूल ओलांडून तो शिकायला जायचा.

हे सगळं वहिनी ज्वारीच्या धाटांतून उभं करायची. धाटाची साल काढायची, आतल्या भेंडाच्या भिंती करायच्या, सालीच्या कमानी वाकवायच्या. उपड्या तांब्यावर पांढरी माती थापली की घुमट. जुन्या लुगड्याची पट्टी निळीत बुडवली की नदी. आलुबुखारे कुठले मिळायला, ती खारकांची माणसं करायची. कार्डावर बर्फ दिसला म्हणून एका वर्षी तिनं छपरांवर जिनिंगमधला कापूस पिंजून टाकला. आई म्हणाली, "अगं, चैताचं ऊन बाहेर जाळायलंय आन् तुझ्या गावात हिवाळा?" वहिनी म्हणाली, "थंडीत त्यांला बरं वाटतंय, असं लिवलंय की." आईनं मग कापूस काढू दिला नाही.

बायका डाळ खात, पन्हं पीत प्रश्न विचारायच्या. यात मारुती कुठं हाय? पाणी कोण भरतं? ओट्यावर बाया-पुरुष बरोबरीनं फिरतात म्हणताच पदर तोंडाला लागायचे. "मंग तुझा नवरा कुनाचा हात धरून फिरतोय गं?" असं एकीनं विचारलं, तेव्हा सगळ्या फिदीफिदी हसल्या. वहिनीही हसली. मग तिनं खारकेचा एक माणूस उचलून पुलावर एकटाच उभा केला.

लढाई पेटली आणि कार्डं बंद झाली. पहिल्या वर्षी सगळे म्हणाले, टपाल अडलं असेल. दुसऱ्या वर्षी कुणी काही म्हणेना. काकांनी हैदराबादला दरख्वास्ती केल्या, उत्तरं आली तीही न आल्यासारखीच. वहिनी दर चैत्रात शहर मांडत राहिली. नवी चित्रं नव्हती, त्यामुळं ते आता वाढत नव्हतं, नुसतं जास्त रेखीव होत होतं.

लढाई संपली त्या उन्हाळ्यात, गौर उठल्यावर, शेजारचे वकील आमच्या ओसरीवर आले. त्यांच्याकडं उर्दू अखबार यायचा. त्यात छापलं होतं की ड्रेस्डेन आकाशातून टाकलेल्या आगीनं रातोरात जळून गेलं, नाटकघर, राजवाडा, ते चर्च, काही म्हणता काही राहिलं नाही. वकील एकेक नाव वाचत होते आणि मला आमच्या देवघरातली त्या त्या वस्तूची जागा दिसत होती. काकांच्या मुलाचं पहिलं मूल त्याच वर्षी जन्मतःच गेलं होतं आणि भटजींनी सांगून ठेवलं होतं की घरातला कुणीतरी मेलेला माणूस तर्पणाच्या पाण्यावाचून तहानलेला आहे.

आमच्याकडं परागंदा माणसाची बारा वर्षं वाट बघतात. मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, आणि त्या दिवसापासून त्याची बायको विधवा. काका म्हणाले, "बारा वरसं कशापायी थांबायचं? शहरच जळालं म्हनल्यावर पुतळा करून टाकू. पोराला पाणी तरी भेटंल."

तेव्हा वहिनी दाराआडून बाहेर आली. काकांसमोर ती आजवर कधी आली नव्हती. पदर पुढं ओढलेला, पण आवाज स्वच्छ. ती मला म्हणाली, "वकीलसायबांना इचार, जी नावं वाचली ती समदी पुलाच्या अल्याडची हायेत का न्हाईत?"

वकिलांनी अखबार पुन्हा बघितला. "पल्याडचं यात काही लिवलेलं न्हाई," ते म्हणाले.

"त्यांची खोली पल्याड हाय."

काका चिडले. "रोज पूल वलांडून जायचाच की तो!"

"रातीला जाळलं म्हंता ना? रातीला मानूस आपल्या खोलीत असतोय."

जिनं वेशीबाहेरची वाट धड बघितली नव्हती, तिनं समुद्रापलीकडच्या शहरात नवरा कुठं निजला असेल ते सांगून टाकलं होतं. आतून आईचा आवाज आला, "पुतळा करायचा न्हाई. बारा वरसं भरू द्या." काकांनी पागोटं उचललं आणि ते आडतीवर निघून गेले. मला वाटलं, आम्ही जिंकलो. गाव काय चीज असतं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पुढच्या चैत्रात वहिनीनं शहर मांडलं. जळकं गाव गौरीपुढं शोभत नाही म्हणून आईनं सांगितलं, "अख्खंच मांड." वहिनीनं अख्खंच मांडलं, आणि आवतणं द्यायला मी घरोघर फिरले. कुणी नाही म्हणालं नाही. आमच्या बायका तोंडावर नाही म्हणत नसतात. डाळ वाटली, पन्हं झालं, ओटीसाठी हरभरे भिजले, सतरंजी अंथरली.

कुणी आलं नाही. ऊन कलल्यावर एका घरून निरोप आला की पाहुणे आलेत, दुसरीकडून आला की अंगात कसर आहे. बाकीच्यांनी तेवढीही तसदी घेतली नाही. मी दारात जाऊन बघितलं तर आमच्याच बोळातून बायका नटूनथटून पलीकडच्या घरी चालल्या होत्या. काय झालं ते न सांगताच कळण्यासारखं होतं. नवरा आहे की नाही कुणास ठाऊक, अशा बाईच्या हातचं कुंकू आपल्या कपाळी कोण लावून घेईल? काकांना जे करू दिलं नाही, ते या बायकांनी उंबरठाही न ओलांडता केलं. त्यांच्यावरचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

दिवेलागणीला वहिनी न्हाणीत गेली. बाहेर आली तेव्हा तिचं कपाळ कोरडं होतं. मी ओरडले, "वहिनी, हे काय केलंस?"

ती म्हणाली, "गावानं पुसलंच हाय की गं. म्या निस्तं पानी लावलं."

आई तेव्हा चुलीपुढं होती. तिनं मान वर करून बघितलं. इतक्या वर्षांत दादासाठी आई एकदाही रडली नव्हती. आम्हाला वाटायचं, बाई कठोर आहे. रोज सकाळी वहिनी न्हाऊन आली की आई तिच्या कपाळाकडं बघायची आणि मगच चूल पेटवायची, याचा अर्थ मला त्या संध्याकाळी लागला. लेक जिता असल्याची दुसरी कसलीच खबर तिला येत नव्हती.

"माझं लेकरू गेलं गं!" म्हणून आईनं हंबरडा फोडला. वहिनीनं तिला दोन्ही हातांनी धरलं. तो आवाज बोळभर गेला, आणि आमच्या अंगणात बायका धावत आल्या, एकूण एक, दुपारभर जिची जिची वाट बघितली होती ती प्रत्येक बाई.