मधला पाळणा

पाळणाघर चालवणाऱ्या बाईला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. लंगोटांसारखे तेही रोज साचतात! आम्ही हडपसरला सुरुवात केली तेव्हा आयटी पार्क नवे होते आणि आमच्या खिडकीसमोर अजून गोठा होता. त्यामुळे दोन पायांची आणि चार पायांची, दोन्हीकडची बाळं आळीपाळीने ओरडायची.

*

एका सकाळी गोठ्यातली म्हैस व्याली. प्राची तिच्या ओमला सोडायला आली होती. खिडकीतून बघते तर रेडकू धडपडत उभं राहून दूध शोधतंय! ती हिरमुसलीच.

"ताई, आमचा चार महिन्यांचा झाला, अजून कूससुद्धा बदलत नाही."

गोठ्याचे मालक दत्तूभाऊ तिकडूनच म्हणाले, "त्याला उचलून कोण न्येणार हाय? तुमच्याला तुमी हाय की!"

*

ओमचं झोपणं हा स्वतंत्र विषय. त्याला मधलाच पाळणा लागायचा आणि दोरी आमच्या मदतनीस मंगलाबाईंनीच ओढायची, सावकाश, एका लयीत. जरा थांबल्या की डोळे टक्क उघडे!

"हा मोठेपणी मॅनेजर होणार," त्या म्हणायच्या. "स्वतः पडून राहतो आणि दुसऱ्याला राबवतो."

*

एकदा ओमचे बाबा त्याला न्यायला आले. ओम माझ्या कडेवर, आणि हे मोबाइलवर क्लायंटशी बोलता बोलता त्याचा रिकामा पाळणा हलवतायत! मंगलाबाईंनी दोरीच धरली.

"अहो साहेब, रिकामा पाळणा हलवू नये."

"का? काय होतं?"

"ते बघायला थांबायचं नसतं."

साहेब हसले आणि जाता जाता मुद्दाम आणखी एक झोका देऊन गेले. मला त्यांचा भयंकर राग आला.

*

त्यानंतर म्हैस आमच्या खिडकीकडे तोंड करून उभीच राहीना. दूधही आटलं. दत्तूभाऊंनी तिला पलीकडच्या भिंतीला बांधलं आणि मला विचारलं, "ताई, दुपारचं तुमच्या खोलीत कोण असतंय?"

"पोरं झोपतात, दुसरं कोण!"

"ती ठावं हायेत. आनखी कोण?"

मी त्यांना उडवून लावलं. पण त्या दुपारी खोलीत एकटी काही बसले नाही.

*

आमच्या माळ्यावर एक मांजर व्यायली होती. पिल्लांचे डोळेसुद्धा उघडले नव्हते. एका दुपारी तिने एकेकाला मानगुटीला धरून गोठ्यात नेऊन ठेवलं. मग परत आली ती थेट ओमच्या पाळण्यात! त्याचं झबलं तोंडात धरून ओढायला लागली. मी झाडूने हाकललं, तर पुन्हा आली. ओम नुसता बघत होता. त्याला अजून कूससुद्धा बदलता येत नव्हती.

मी झाडू टाकून दिला. "मंगलाबाई, पोरं उचला!"

होती नव्हती ती सगळी बाळं आम्ही गोठ्यात आणली आणि खोलीला बाहेरून कडी घातली. वीज गेलेली, वाऱ्याचा पत्ता नाही. मांजर पिल्लांना चाटत बसली होती. ओमने मात्र रडून आकांत मांडला. मंगलाबाईंनी थोपटलं, मी गाणं म्हटलं, कशाचा उपयोग नाही. त्याला त्याचा पाळणा हवा होता.

आणि एकदम तो गप्प झाला. मंगलाबाईंच्या खांद्यावरून तो खिडकीकडे बघत होता. मीही बघितलं.

आत मधला पाळणा हलत होता, सावकाश, एका लयीत.

ओमचे डोळे मिटायला लागले.