लाल दिवा लागला की गाडी बंद

आमचे हे गाडी चालवायला शिकवतात. शाळा म्हणजे एकच डिझेल गाडी. तोच वर्ग, तोच फळा आणि आमची चूलही तिच्यावरच पेटते. तिला ब्रेक दोन, एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा यांच्या. घरी जेवतानासुद्धा यांचा पाय मधूनच फरशीवर दाबला जातो. मी आमटीत मीठ घालत असले की विशेष.

पहिल्याच दिवशी हे सगळ्यांना बजावतात, "समोर तेलाच्या दाबाचा लाल दिवा आहे. तो लागला की गाडी कडेला, इंजिन बंद. मग नवरा ओरडो, सासरा ओरडो, मागचे हॉर्न बडवोत." सगळे माना डोलावतात आणि विसरतात. हे वाक्य जपून घरी नेलं ते एकट्या माझ्या थोरल्या बहिणीने.

ताई म्हणजे यांच्या शाळेला लागलेला बट्टा. 'आमचा विद्यार्थी नापास होत नाही' अशी पाटी दारावर, आणि ताई दर परीक्षेत नापास. "पाटीवर 'नातेवाईक सोडून' असं लिहावं लागेल," हे म्हणायचे.

परीक्षेआधीच्या शेवटच्या सरावाला मीही मागे बसले होते. पुलाचा चढ आला आणि लाल दिवा लागला. ताईने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून पर्समध्ये टाकली.

"अहो ताई, सकाळीच तेल बघितलंय मी. काठोकाठ आहे. सेन्सर बिघडला असेल, चला."

"भावोजी, तुम्हीच म्हणालात, नवरा ओरडो, सासरा ओरडो."

"मी नवरा नाही, सासरा नाही. मी मास्तर आहे!"

"मास्तरांना सूट आहे असं कुठे म्हणाला होतात?"

मागून हॉर्नचा गदारोळ. हे तणतणत उतरले, तेल मोजायची पट्टी काढून आणली आणि कोर्टात पुरावा दाखवावा तशी ताईच्या नाकासमोर धरली. "बघा! भरलेलं आहे की नाही?"

"तेलाचं कोण बोलतंय? तुम्ही दाब म्हणाला होतात."

ताईने पर्स मांडीवर घट्ट धरली. मी मागे देवाचं नाव घेत होते. कुणाच्या बाजूने, ते त्यालाच ठाऊक.

शेवटी गाडी दोरीने ओढत गॅरेजात नेली. मिस्त्रीने खालून इंजिन उघडलं आणि बोटाएवढा सहा कोनी दांडा यांच्या तळहातावर ठेवला. "हा तेलाचा पंप फिरवतो. कोपरे झिजून गोल झालेत बघा. दांडा नुसता गरगरतोय आणि पंप जागेवर उभा. खाली तेल तुडुंब, वर इंजिन कोरडं. आणखी थोडं दामटलं असतं तर इंजिन भंगारात. वेळेवर बंद कुणी केलं?"

यांचा चेहरा पांढरा पडला होता. गाडी गेली असती तर शाळा गेली असती. पण छाती लगेच पुढे आली. "माझ्या विद्यार्थिनीने. तसं शिकवावं लागतं."

नवा दांडा बसला आणि ताई परीक्षेला गेली. साहेबांनी चढावर गाडी थांबवून हँडब्रेक ओढायला सांगितला. ताईने ओढला. हँडब्रेकचा दिवाही लालच असतो. ताईने इंजिन बंद केलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"लाल दिवा," ताई म्हणाली.

ताई पुन्हा नापास. पूर्वी अशा दिवशी हे जेवत नसत. त्या दिवशी दोनदा भात मागून घेतला आणि सगळी हकिकत शेजाऱ्यांना तिखटमीठ लावून सांगितली.

आता लांबच्या सरावाला निघताना हे आधी ताईला फोन करतात. ती मागच्या सीटवर मधोमध बसते, दोन खुर्च्यांमधून मान पुढे काढून दिव्यांवर नजर ठेवते. पाटी दारावर तशीच आहे. ताई म्हणते, पुढच्या महिन्यात पुन्हा परीक्षेला बसते.

हे म्हणतात, "एवढी घाई काय आहे?"