जपानी बिल्ला आणि परसातली हाक

आयुष्यभर मी शाळेत विज्ञान शिकवलं. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाते. तरीही हे लिहितेय, कारण हे माझ्या आईच्या बाबतीत घडलंय.

एकोणीसशे पन्नासच्या आसपासची गोष्ट. ठाण्याला कोपरीत आम्ही तिघं राहायचो — आई, मोठा भाऊ वसंतदादा आणि मी. लढाईत दादा ब्रह्मदेशात मिलिटरी इस्पितळात ड्रेसर होता, जखमींची मलमपट्टी करायचा. येताना त्याने एक लहानसा बिल्ला आणलेला... मागे पिन, वर जपानी अक्षरं. कुठे मिळाला विचारलं की तो उठून जायचा. आईने बिल्ला शिवणाच्या डब्यात जपून ठेवला.

एका दुपारी आई म्हणाली, "परसात कोण बाई हाका मारते गं? शिगेव... शिगेव... मुलाला जेवायला बोलवावं तशी."

मला काहीच ऐकू आलं नाही. कोपरीत तेव्हा नवीन सिंधी कुटुंबं आलेली, त्यांच्यातली कोणी असेल म्हणून सोडून दिलं. पण हाक येतच राहिली — फक्त आईला, आणि तीही शिवणाचा डबा उघडला की.

दादा घाबरला. "हा बिल्ला खाडीत टाकून येतो मी."

"खबरदार!" आई म्हणाली. "कुणाच्या तरी घरची वस्तू आहे ती. आधी काय लिहिलंय ते विचारून ये."

नौपाड्यात एक गुजराती काका होते, लढाईआधी जपानात कोबेला सुताचा व्यापार करायचे. दादा आणि मी त्यांच्याकडे गेलो. हाकेबद्दल चकार शब्द काढला नाही.

काकांनी बिल्ला उजेडात धरला. "हा शिपायाचा नाय. लढाईत ज्यांचा माणूस गेला, त्या घरच्यांना सरकार देते. कोणाच्या आईचा असेल... मोठा गेला, तर धाकट्याला निघताना दिला असेल." मग उलटा केला. "मागे कोणी नाव कोरलाय. शि-गे-ओ."

दादाने बिल्ला परत घेतला आणि मुठीत धरला.

घरी येताना तो पहिल्यांदाच बोलला. "कैदी होता गं. माझ्याच वयाचा. वाचणार नव्हता. मी पाणी पाजलं, हात धरून बसलो. शेवटी त्याने हे माझ्या मुठीत ठेवलं... नाव मला कधी कळलंच नाही."

घरी आईने सगळं ऐकून घेतलं आणि बिल्ला पुन्हा डब्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिवता शिवता ती थांबली. सुई खोचून ठेवली आणि मागच्या दारात जाऊन उभी राहिली. समोर कोणीच नव्हतं.

"अहो बाई," आई हळूच म्हणाली, "तो एकटा नव्हता हो. आमचा वसंता उशाशी होता त्याच्या. पाणी पाजलं त्याने."

मग पदराने डोळे पुसून आत आली.

त्यानंतर हाक कधी आली नाही.

ते नाव आईला आधी कसं कळलं? आणि आईला तर मराठीशिवाय एकही भाषा येत नव्हती... मग त्या दोघींचं बोलणं झालं तरी कुठल्या भाषेत?