शिवलेला अर्ज

गुरुवार, १४ मार्च. दूध सव्वासातला आले. स्वयंपाकघरातला बल्ब बदलला. दुपारी पुठ्ठेवालीबरोबर उद्योग कचेरीत जाणे. अर्जाचा शेवटचा दिवस, खिडकी चारला बंद.

पुठ्ठेवाली म्हणजे जिन्याखालच्या खोलीत पुस्तकं बांधणारी बाई. नवरा गेला तेव्हा त्याची सुई तिने उचलली, ती एकोणीस वर्षं खाली ठेवली नाही. ही नोंद ज्यांची, त्या वरच्या मजल्यावरच्या मावशींच्या रोजनिशा तिच्याच हातच्या. आता कॉलेजच्या वाचनालयाने चारशे पुस्तकं देऊ केली होती, पण कडा सुरीने कापत बसलं तर वर्ष जाईल आणि खांदाही. कटिंग मशीन आलं तरच ते काम मिळणार, म्हणून अनुदानाचा अर्ज.

"दान घ्यायचं म्हणजे कसंसंच होतं हो, मावशी."

"अगं, दानाच्या आधी 'अनु' आहे ना? मग घे निमूट!"

सूचना क्रमांक सात वाचून मात्र पुठ्ठेवाली खुलली. 'सर्व कागद एकत्र जोडलेले असावेत.' जोडणं तर तिच्या हातचा मळ! एकवीस पानं तिने मेणदोऱ्याने बाजूने शिवली, शिवणीतच निळ्या कापडाचा पुठ्ठा घेतला.

साडेतीनला खिडकीतल्या कारकुनाने ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"ताई, हे काय? मी अर्ज मागितला, ग्रंथ नाही."

"जोडलेला हवा म्हणालात ना?"

"पिन मारून हो! मला एकेक पान स्कॅनिंग मशीनमध्ये घालायचंय." त्याने वरचं पान ओढलं. पान हललं नाही. मग उभा राहून ओढलं.

"पान फाटेल, शिवण नाही सुटायची," मावशी शांतपणे म्हणाल्या.

"मग मी हा घेऊ कसा? चारला खिडकी बंद."

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. पुठ्ठेवालीच्या कानाच्या पाळ्या तापल्या, पण बोटं नाही गडबडली. पिशवीतून तिने छोटी सुरी काढली, दोन गाठी छाटल्या, दोऱ्याचं टोक धरून सरकन ओढलं. एकवीस पानं सुटी झाली. एकाही पानाची कड दुखावली नव्हती.

"आपण घातलेली शिवण आपल्याला उसवता आली पाहिजे," ती म्हणाली. "घाला मशीनमध्ये."

शेवटचं पान निघालं तेव्हा चारला आठ मिनिटं कमी होती. कारकून पिन मारायला गेला, तर तिने गठ्ठा ओढून घेतला आणि जुन्याच भोकांतून सुई घातली. तिची शेवटची गाठ पडेपर्यंत आतल्या अधिकारी मॅडम दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी पुठ्ठा उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

"हे सगळं हाताने?"

"हो, आणि हात दोनच आहेत. म्हणून तर अर्ज."

मॅडमनी पोचपावतीवर सही केली. "मंगळवारी जागा बघायला येते."

"या की. खुर्ची एकच आहे, ती तुम्हाला. मी पुठ्ठ्यांवर बसेन."

कचेरीचा जिना उतरताना मावशी म्हणाल्या, "मशीनला जागा कुठे करणार गं?"

"पलंग बाहेर काढते आजच."

त्या संध्याकाळी मावशींनी लिहिलं: पोचपावती मिळाली. पुठ्ठेवालीचा पलंग आमच्या मागच्या खोलीत ठेवला. एक पाय आखूड आहे, खाली घडी केलेले पोते दिले.